हिब्रू वाक्यरचना: मराठी माणसाचं घोडं अडतं ते 'हा-'पाशी

तुमचे प्रश्न दोन: मुळाक्षरं आणि दीड-दोनशे शब्द येतात तरी वाक्य का चुकतं, आणि क्रियापदांच्या सातही 'बिन्यान'चे (म्हणजे साच्यांचे) तक्ते आधी पाठ करावेत का? तक्त्यांचं शेवटी बघू. हे सगळं आजच्या बोलत्या हिब्रूबद्दल आहे. बायबलमधल्या हिब्रूत काळांचा हिशोब बराच वेगळा आहे. खाली 'ख़' लिहिलंय तो घशातून खरवडून काढायचा, आपल्या 'खा'सारखा नाही.

तुम्ही दिलेली दोन वाक्यं: 'मोठं पुस्तक' म्हणून 'हा-सेफेर गादोल', आणि 'मी ते पुस्तक वाचतो' म्हणून 'अनी कोरे हा-सेफेर'. दोन्हींत चूक एकाच जागी आहे. 'हा-' हा नामाला पुढून चिकटणारा एक अक्षरी तुकडा, 'ठरावीक, माहीत असलेलं' एवढंच सांगणारा. आपल्या 'हा मुलगा'मधल्या 'हा'शी त्याचा संबंध नाही. मराठीत असं उपपदच नसल्यामुळे आपलं लक्ष त्यावरून घसरतं, आणि हिब्रूत तर निम्मी वाक्यरचना त्यावर उभी आहे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, पहिला महिना यालाच द्या.

विशेषण नामानंतर येतं आणि लिंग-वचनाबरोबर 'हा-'सुद्धा उचलतं. 'सेफेर गादोल' म्हणजे एखादं मोठं पुस्तक. 'हा-सेफेर हा-गादोल' म्हणजे ते मोठं पुस्तक. आणि 'हा-सेफेर गादोल' म्हणजे 'पुस्तक मोठं आहे', कारण वर्तमानकाळात 'आहे' लागतच नाही. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य अशुद्ध नव्हतं, त्याचा अर्थच दुसरा होता. तसंच 'झे सेफेर' म्हणजे 'हे पुस्तक आहे', पण 'हा-सेफेर हा-झे' म्हणजे नुसतं 'हे पुस्तक'.

आता दुसरं वाक्य. कर्म ठरावीक असेल तर त्याआधी 'एत' लागतो: 'अनी कोरे सेफेर', पण 'अनी कोरे एत हा-सेफेर'. विशेषनामं आपोआप ठरावीक, म्हणून 'अनी रोए एत दान' (मी दानला बघतो). इथे मराठीची सवय दोनदा दगा देते. एक तर आपला 'ला' सजीव-निर्जीव बघून लागतो, पुस्तकाला सहसा लागत नाही. 'एत'ला सजीव-निर्जीवाशी देणंघेणं नाही. दुसरं, आपल्या एकाच 'ला'ची हिब्रूत दोन रूपं होतात. 'मी दानला पुस्तक देतो' म्हणजे 'अनी नोतेन ले-दान एत हा-सेफेर'. ज्याला द्यायचं त्याला 'ले-', जे द्यायचं ते 'एत'. प्रत्येक 'ला'च्या जागी 'ले-' घातलं की 'अनी रोए ले-दान' असं चुकीचं वाक्य तयार होतं. मात्र काही क्रियापदं 'ले-'च मागतात, जसं 'अनी ओझेर ले-दान', दानला मदत करतो.

तिसरी जागा जोडनामांची, म्हणजे 'स्मिख़ूत'. आपल्या षष्ठी तत्पुरुषासारखीच, फक्त क्रम उलटा. 'बायित' म्हणजे घर; जोडताना त्याचं 'बेत' होतं आणि 'बेत सेफेर' म्हणजे शाळा. 'हा-' लावायचा तो दुसऱ्या शब्दाला: 'बेत हा-सेफेर'. बोलताना लोक सर्रास 'हा-बेत सेफेर' म्हणतात, पण लिहिताना तसं करू नका. अनेकवचन पहिल्या शब्दाचं होतं: 'बाते सेफेर'. साध्या मालकीसाठी 'शेल' सोपा: 'हा-सेफेर शेल दान', दानचं पुस्तक. चा-ची-चे असं काही त्यात बदलत नाही.

चौथी जागा डोळ्यांना दिसत नाही. 'बे-' (मध्ये) आणि 'ले-' यांच्यापुढे 'हा-' आला की दोन्ही मिसळून 'बा-' आणि 'ला-' होतात. 'बे-बायित' एखाद्या घरात, 'बा-बायित' त्या घरात. स्वरचिन्हांशिवाय लिहिलं की दोन्ही सारखीच दिसतात; फरक संदर्भावरून ओळखायचा. 'मे-' (पासून) मात्र असा मिसळत नाही: 'मे-हा-बायित'.

एवढं जमलं की पुढचा रस्ता मराठी माणसाला बराच सोपा आहे, फक्त मध्ये इंग्रजी आणू नका. मराठीतून हिब्रू व्याकरण शिकवणं नवं नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी असं प्राथमिक पुस्तक मुंबईत १८३२ मध्येच काढलं होतं. इंग्रजीतून शिकणारे 'माझ्याकडे आहे' या रचनेशी झगडतात, आपल्याला ती घरचीच वाटते. मला दोन भाऊ आहेत: 'येश ली श्ने अख़ीम'. मला वेळ नाही: 'एन ली झ्मान'. मला थंडी वाजते: 'कार ली'. भूतकाळातही आपल्यासारखंच, रूप असलेल्या वस्तूनुसार: 'हाया ली झ्मान' (वेळ होता), 'हायता ली मेख़ोनीत' (गाडी होती).

वर्तमानकाळात चारच रूपं: 'कोतेव, कोतेवेत, कोत्वीम, कोत्वोत'. लिहितो-लिहितेसारखा लिंगभेद आहे, पण मी-तू-तो यांना रूप एकच, त्यामुळे सर्वनाम गाळता येत नाही. सर्वनामांत 'मी'पासून जपा: हिब्रूत 'मी' म्हणजे कोण. आदरार्थी 'तुम्ही' नाही. वडीलधाऱ्या पुरुषालाही 'आता', बाईंना 'आत'.

भूतकाळातला खरा सापळा क्वचितच कुणी सांगतं. मराठीत 'दानने पत्रं लिहिली' म्हणताना क्रियापद पत्रांच्या मागे जातं. हिब्रूत ते कायम कर्त्याच्याच मागे: 'दान काताव मिख़तावीम', 'हाना कात्वा मिख़तावीम'. सवयीने कर्माशी जुळवायला गेलात की चुकलंच. प्रथमपुरुषी भूतकाळाला लिंग नसतं; 'हालाख़ती' म्हणजे गेलो आणि गेलेही.

नपुंसकलिंग नाही, पण अनेकवचनाचा प्रत्यय बघून लिंग ठरवू नका. 'शुलख़ान' (टेबल) पुल्लिंगी, अनेकवचन 'शुलख़ानोत'. 'शाना' (वर्ष) स्त्रीलिंगी, अनेकवचन 'शानीम'. विशेषण मूळ लिंगानुसार: 'शुलख़ानोत ग्दोलीम', 'शानीम तोवोत'.

तक्ते सगळे एकदम नकोत. मुळात तीन व्यंजनांचा धातू, आणि बिन्यान हे त्याचे साचे. ल-म-द पासून 'लामाद' शिकला, 'लिमेद' शिकवलं. शिकणे-शिकवणे असा धातू फिरवायची आपल्याला सवय आहेच. आधी 'पाआल', मग 'पिएल' आणि 'हिफिल', त्यानंतर 'हितपाएल'. 'पुआल' आणि 'हुफाल' ही कर्मणी रूपं बातम्या वाचायला लागेपर्यंत थांबू शकतात. 'निफआल' अधूनमधून भेटेल तसा उचला.

वहीत क्रियापद एकटं कधीच लिहू नका. भूतकाळ, वर्तमान, पुढे 'ल' लावलेलं रूप (आपलं 'लिहायला') आणि सोबतचं शब्दयोगी, असे चार रकाने करा: 'काताव, कोतेव, लिख़तोव, एत', 'आझार, ओझेर, लाआझोर, ले-'. पहिल्या ओळीत 'क'चा 'ख़' झालेला दिसेल. ते वेगळं अक्षर नाही: ब, क, प ही तीन अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला ब-क-प आणि स्वरानंतर बहुधा व-ख़-फ अशी वाचली जातात. शब्दकोशात 'लिख़तोव' सापडत नसेल तर पुढचा 'ल' काढा आणि क-त-व खाली शोधा.