भुवयांचा नकोसा डाय : वाचकांचे प्रश्न

भुवयांना लावलेला रंग अपेक्षेपेक्षा गडद बसला, आता तो घरच्या घरी कसा काढावा, अशी विचारणा लग्नसराईच्या दिवसांत हमखास होते. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. उपाय करण्यापूर्वी एवढे पाहावे, की भुवईची त्वचा शाबूत आहे. लाली, सूज, खाज असेल किंवा पाणी सुटत असेल, तर रंग काढण्याच्या खटपटीत न पडता आधी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचावे.

प्रश्न : परवा पार्लरमध्ये भुवयांना टिंट करून घेतला. त्या इतक्या काळ्या झाल्या आहेत, की स्केचपेनने कोरल्यासारख्या दिसतात. रविवारी भाचीचे लग्न आहे. चार दिवसांत हा रंग उतरेल का?

दिसण्यापुरता बराचसा उतरेल. तो कसा, हे समजण्यासाठी खिडकीजवळ उजेडात आरसा धरा आणि भुवईचे केस बोटाने वर सारून पाहा. केसांच्या मधली त्वचाही करडी-काळी दिसेल. भुवई ‘कोरल्यासारखी’ दिसते ती प्रामुख्याने या त्वचेमुळे, केसांमुळे नव्हे. ऑक्सिडेशनने, म्हणजे ऑक्सिजनच्या रासायनिक प्रक्रियेने, चढणाऱ्या रंगाचे लहान रेणू केसाच्या आत शिरतात, तेथे रंगात मिसळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून केसांतला रंग साबणाने निघत नाही. त्वचेवरचा डाग मात्र वरच्या मृत पेशींच्या थरातच असतो आणि तो थर रोज थोडा थोडा झडत असल्यामुळे साधारण आठवडाभरात डाग आपोआप जातो. आपल्याला फक्त त्या झडण्याला हलका हातभार लावायचा आहे.

रात्री भुवयांवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावे आणि ओल्या, पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने नाकाकडून कानशिलाकडे पुसून घ्यावे. बोळ्यावर तपकिरी छटा उतरलेली दिसली, की समजावे, रंग सुटतो आहे. त्यानंतर डोक्याला लावायच्या साध्या शाम्पूचा एक थेंब कोमट पाण्यात पातळ करून त्याचा फेस लहान मुलांच्या नव्या, मऊ टूथब्रशने केसांच्या दिशेने अर्धा-एक मिनिट फिरवावा. कोंड्याचा शाम्पू रंग थोडा अधिक ओढतो. तुमची त्वचा कोरडी नसेल तर तो चालेल. डोळे मिटलेले असावेत, आणि फेस पाण्याने धुण्यापेक्षा ओल्या कापसाने टिपून घ्यावा, म्हणजे तो डोळ्यांत ओघळत नाही. शेवटी साधे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावावी. हे दिवसातून एकदा, फार तर दोनदा करावे. त्वचा लाल होऊ लागली किंवा चुरचुरली, तर त्या दिवशी थांबावे. घासून लाल झालेली भुवई लग्नात काळ्या भुवईपेक्षा अधिक नजरेत भरते.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही. भुवईच्या कडेची बारीक लव एरवी दिसतही नाही. ती रंगली, की भुवई रुंद वाटू लागते. त्वचेचा डाग फिका झाल्यावर, म्हणजे दोन-तीन दिवसांनी, तेवढी लव थ्रेडिंगने किंवा प्लकरने काढली, तर आकार पूर्ववत दिसतो. रविवारी थोडा गडदपणा उरलाच, तर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर अगदी कमी प्रमाणात, स्वच्छ मस्कारा-ब्रशने केसांवरून फिरवावा. छायाचित्रांत फरक नक्की दिसतो. केसांतला उरलेला रंग चार ते सहा आठवड्यांत फिका होत जाईल आणि नवे केस मूळ रंगाचे येतील.

प्रश्न : लिंबू आणि खायचा सोडा, टूथपेस्ट, नेलपॉलिश रिमूव्हर, व्हिटॅमिन सीच्या गोळीची पूड, असे बरेच उपाय वाचले. यांतला कोणता करावा?

माझे उत्तर स्पष्ट आहे : यांपैकी एकही नाही. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच) दोनच्या आसपास असतो, म्हणजे तो चांगलाच आम्लधर्मी असतो. तो रस डोळ्यांत गेला, तर बुबुळाला इजा करू शकतो, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, तर भाजल्यासारखे चट्टे उठून त्यांचे काळे डाग मागे राहतात. ज्या डागासाठी एवढा खटाटोप केला, त्याहून हा डाग चिवट. सोडा क्षारयुक्त आणि खरखरीत असल्यामुळे त्वचेचे संरक्षक आवरण बिघडवतो. टूथपेस्टमधील पुदिन्याच्या अर्काने डोळ्यांची आग होते. नेलपॉलिश रिमूव्हरमधील ॲसिटोनची तर वाफही डोळ्यांना झोंबते. व्हिटॅमिन सीचा डोक्याच्या केसांतील रंगावर थोडा परिणाम होतो हे खरे आहे; पण तेही आम्लच, आणि भुवईपासून डोळा बोटभरही लांब नसतो. घरात मेकअप काढण्याचे तेलयुक्त रिमूव्हर असेल, तर ते वापरायला हरकत नाही.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून गेली वीस वर्षे केसांना आणि मिशीला एकच काळा डाय लावतात. या वेळी त्यांनी तो भुवयांनाही लावला. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या आणि खाज सुटली. आधी कधीच त्रास झाला नव्हता. भुवयांवरचा रंग आता कसा काढावा?

रंग काढू नका; वडिलांना आजच त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. बहुतेक काळ्या डायमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, असते आणि तुम्ही वर्णन केलेली लक्षणे त्याच्या ॲलर्जीची असावीत. ही ॲलर्जी वर्षानुवर्षे वापर केल्यानंतरही उद्भवते, किंबहुना वारंवार वापरानेच शरीर त्या पदार्थाला ओळखू लागते. लक्षणे बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसतात, म्हणून अनेकांना त्यांचा डायशी संबंधच लक्षात येत नाही. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असल्यामुळे सूज प्रथम तेथे दिसते.

तोवर घरी एवढेच करावे : भुवया, मिशी आणि डोके सौम्य साबण किंवा शाम्पूने हलकेच धुऊन, स्वच्छ कापडाची थंड पाण्याची घडी पापण्यांवर ठेवावी. केसांत बसलेला रंग खरवडल्याने ॲलर्जी थांबत नाही, उलट सोललेली त्वचा अधिक चिडते. मेडिकल दुकानातून खाजेची ट्यूब आणून लावण्याचा मोह कृपया टाळावा. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असते आणि ते डोळ्यांजवळ लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, डोळ्यांतील दाबही वाढू शकतो. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे. यापुढे पीपीडी असलेला कोणताही डाय त्यांनी वापरू नये, कारण ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. मिशीसाठीही नाही.

डायच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सूचना असते, की हा रंग भुवयांना किंवा पापण्यांना लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते. ती कंपनीने उगाच छापलेली नसते. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे. त्यामागे दुःखद इतिहास आहे. १९३३च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा भुवया-पापण्यांचा डाय विकला जात होता. त्यातील अशाच रसायनाने काही स्त्रियांची दृष्टी गेली, आणि १९३८ साली तेथे सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. डाय डोळ्यांत गेलाच, तर डोळा न चोळता, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास ती काढून, स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. गुलाबपाणी घालू नये.

प्रश्न : भुवयांना मेंदी लावली, त्या केशरी झाल्या. वर काळी मेंदी लावून झाकता येतील का?

तसे करू नये. मेंदीतला लॉसोन हा रंगद्रव्याचा रेणू केसांतील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदी केसांतून निघत नाही. तेलाने छटा किंचित मऊ होते, इतकेच. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये मात्र बहुधा पीपीडीच असते, म्हणजे नावापुरती मेंदी आणि प्रत्यक्षात डाय. त्वचेवरचा केशरी रंग एक ते तीन आठवड्यांत जाईल. तोवर गडद तपकिरी आयब्रो पेन्सिल केसांवरून हलकी फिरवावी. ती रोज रात्री पुसता येते.

प्रश्न : चेहऱ्याचे ब्लीच क्रीम दोन मिनिटे भुवयांवर ठेवले तर?

नको. त्यातही पेरॉक्साइड आणि अमोनिया असतात आणि ते डोळ्यांपासून दूर ठेवण्याची सूचना डबीवरच असते. शिवाय आपल्या काळ्या केसांतील मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य अर्धवट फिके झाले, की केस तांबूस-नारिंगी दिसतात, म्हणजे एका नकोशा रंगाच्या जागी दुसरा येतो. खाली धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी लावलेली असेल, तर त्या क्षारांशी पेरॉक्साइडची प्रक्रिया होऊन उष्णताही निर्माण होऊ शकते. रंग खरोखरच असह्य असेल, तर ज्या पार्लरमध्ये तो लावला तेथे जाऊन कोणते उत्पादन वापरले ते विचारावे, खोक्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.