वाचकांचे प्रश्न : खाली घेतलेली गाडी आणि पुढचा आवाज

प्रश्न : आखूड स्प्रिंगा बसवून मी गाडी ४० मिलिमीटरने खाली घेतली. तेव्हापासून राजारामपुरीतल्या गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो आणि चौघे बसले की मागचे टायर घासते. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आवाज उतरताना येतो, ही आपली नोंद फार मोलाची आहे. मूळ शॉकअबवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर) आखूड स्प्रिंग बसवली, की चाक पूर्ण लोंबल्यावर ती बैठकीत सैल होऊ शकते आणि परत बसताना टोला देते. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, स्प्रिंग हाताने फिरते का ते आधी पाहावे. फिरत असेल तर गाडी तशी चालवू नये. त्या स्प्रिंगांना जुळणारे आखूड शॉकअब घालावेत. फिरत नसेल, तर स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याची जोडकडी) आणि शॉकअबचे वरचे माउंटिंग तपासावे. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) बोल्ट चाके लोंबत असताना आवळले असतील, तर तिच्या सांध्यातल्या बुशचे रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते, हे उद्यमनगरातल्या आपल्या मिस्त्रींना आवर्जून सांगावे.

मागच्या लायनरवर (चाकावरच्या कमानीच्या आतल्या अस्तरावर) घासून चकाकलेला पट्टा नेमका कुठे आहे, यावरून टायर रुंद आहे की रिम बाहेर आले आहे ते कळेल. जागा मिळवण्यासाठी बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबताना टोला झेलणारे ठोकळे) मात्र कापू नयेत.