जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सचं १९६१ नंतरचं काय ऐकावं?

बहुतेक जण न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या जॅझ क्लबमधल्या १९६१ च्या ध्वनिमुद्रणांपाशीच थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याची अखेरची वर्षं ऐकाच. बेसवर मार्क जॉन्सन, ड्रम्सवर जो लाबार्बेरा. नोव्हेंबर १९७९ ची पॅरिसची मैफल आधी लावा. त्यातलं 'नार्डिस' एकट्या पियानोवर सुरू होतं आणि बराच वेळ तसंच चालतं. एव्हान्स धून मोडतो, पुन्हा जुळवतो, मग उरलेले दोघे येतात. कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर स्वतः न वाजवता बेसवर सोडायची त्याची जुनी लकब इथेही आहे, पण लय जास्त अधीर, स्पर्श ठाम. हळवं हवं असेल तर १९७७ मध्ये मुद्रित झालेलं 'यू मस्ट बिलीव्ह इन स्प्रिंग'. तो अल्बम बाहेर आला १९८१ मध्ये, एव्हान्स गेल्यानंतर.