चौघांच्या नजरेसमोर

प्रिय मित्रा,

सिगारेटचे तोटे पाठ असूनही हात पुढे गेला, म्हणजे आपण मनाने कच्चे आहोत का, असं तू विचारलंस. नाही, तू कच्चा नाहीस. तुझ्या वयात मित्रांची नजर काय करते, हे तुला कुणी नीट सांगितलेलं नाही, एवढंच.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावर गाडी चालवायची; सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की अजून थोडं पुढे न्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. १३ ते १६ वयाच्या मुलांनी समवयस्क सोबत असताना जवळपास दुप्पट जोखीम घेतली. २४ च्या पुढच्यांना मात्र कोण बघतंय याने फरक पडला नाही. खेळ तोच, धोका तोच. बघणारे आले आणि मुलांचा हिशेब बदलला. शिवाय मेंदूचा आवर घालणारा, कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो.

आता तो क्षण जवळून बघ. पाकीट फिरत येतं. प्रत्येक जण शेजाऱ्याचा चेहरा चोरून न्याहाळतो, तो निवांत दिसतो, म्हणून आपणही निवांत असल्याचं दाखवतो. नको असलेला आपण एकटेच, असं एकाच वेळी तिघांना वाटत असू शकतं! त्यातल्या एकाला आधीच एकट्यात गाठ आणि बोल. कट्ट्यावर पहिलं "मला नको" तू म्हटलंस, तर दुसरं त्याला सोपं जाईल.

तोटे सांगणाऱ्या व्याख्यानांवर माझा फारसा भरवसा नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्क्यांवर आले. तिथे मुलांना उपदेश पाजण्यापेक्षा त्यांच्या भोवतालचं जग बदललं. खेळ, संगीत, कला यांसाठी सरकारने पैसे दिले, दारू-सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आणली, रात्री बाहेर राहण्याच्या वेळा ठरवल्या आणि पालकांनी एकत्र येऊन त्या पाळल्या.

तुला सरकार बदलता येणार नाही, पण संध्याकाळचे दोन तास बदलता येतील. त्या वेळेत कुठे असायचं आणि कुणाबरोबर घरी परतायचं, हे दुपारीच ठरव. कट्ट्यावर पोचल्यावर ठरवायला गेलास, तर निर्णय तुझा एकट्याचा राहत नाही. मैत्री तोडायला मी सांगत नाही. त्याच मुलांना मैदानावर भेट. झोपही पुरी घे, जागरणाने मनावरचा ताबा आणखी सैल होतो.

एक विचारायचं राहिलं. सकाळी उठल्याउठल्या ओढावीशी वाटते का? तसं असेल, तर गोष्ट संगतीपुरती उरलेली नाही, निकोटीनची सवय लागली आहे. मग डॉक्टरांकडे जायलाच हवं. एकट्याला जायला संकोच वाटत असेल, तर मी सोबत येईन.

तुझे सर