कोंबड्यांच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या आल्या आहेत, काय करू?

चार कोंबड्यांच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या, एकीचा डोळा मिटलेला आणि हळद-तेल लावूनही फरक नाही. तुमच्या या वर्णनावरून मला तरी ही कोंबड्यांची देवी (फाऊल पॉक्स) वाटते. तरी एकदा उजेडात धरून बघा. एकमेकींनी टोचल्याची जखम असेल तर तुऱ्यावर एखाददुसरा ओरखडा आणि सुकलेलं रक्त दिसतं. देवीचे फोड चामखिळीसारखे वर आलेले असतात आणि तुरा, चोचीखालची लोंबती कातडी, पापण्या, चोचीचा कोपरा असे कुठेही उठतात. माणसांच्या कांजिण्यांशी याचा संबंध नाही, त्यामुळे पोरांची काळजी नको.

हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. खपल्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात. त्या खरवडू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. तुरा रक्ताळला, रक्त बघून बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचायला लागल्या. गळलेल्या खपल्यांत विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून त्या झाडून जाळून टाका. तुऱ्याला पोव्हिडोन आयोडीन लावलं तरी पुरे.

खरं लक्ष डोळ्याकडे द्या. पापणी चिकटली की कोंबडीला दाणा दिसत नाही, आणि ती देवीने नाही तर उपासमारीने मरते. माझी एक तलंग अशीच गेली, मला कळेपर्यंत उशीर झाला होता. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कापसाने पापणी भिजवा, ओढू नका. वेगळी ठेवून ओला भात, कण्या हाताने भरवा. चोच उघडून आतही बघा. पिवळट चिकट थर असेल किंवा घरघर लागली असेल तर थेट पशुवैद्याकडे न्या.

देवी मुख्यतः डासांमुळे पसरते. खुराड्याजवळच्या करवंट्या, डबे आजच पालथे करा. बाकीच्या निरोगी कोंबड्यांना लस टोचून घ्या. ती पंखाच्या पातळ कातडीत देतात, पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयात. फोडलेली बाटली एक-दोन तासांतच संपवावी लागते, म्हणून शेजारपाजारच्या कोंबड्याही गोळा करा, तालुक्याचे डॉक्टरही मग यायला तयार होतात.

तुमच्या पाचवीचा तुरा नुसता फिकट पडलाय म्हणता, ती खुडूक बसली असेल तर सोडून द्या, तसं होतंच. खुडूक नसेल तर जंत असू शकतात, किंवा रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीखाली बघा, रक्त पिणाऱ्या बारीक तांबड्या किडी सापडतील. तुरा निळा-जांभळा होऊन सुजला आणि पटापट मरायला लागल्या, तर मात्र घरगुती उपाय बंद. बर्ड फ्लू असू शकतो, २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता तो. मेलेल्या कोंबडीला हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

डोळा मिटलेली खातेय का, ते आधी सांगा.