बटवा उलटा करून फोटो पाठव

अगं, मेसेज मिळाला, फोटो पण बघितले. आजीच्या महेश्वरी साडीचे बटवे मस्तच दिसताहेत पण फोटो सगळे बाहेरूनच काढलेस ना, तिथेच मला शंका आली. संक्रांतीच्या वाणाला चाळीस बटव्यांची ऑर्डर घेतलीयस, म्हणजे चाळीस घरी ते उघडले जाणार, आणि आत धागे लोंबताना दिसले की पुढच्या वर्षी त्याच काकू स्टीलच्या वाट्या वाटणार बघ.

महेश्वरीत ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो, त्यातून साडी जुनी, त्यामुळे नुसती शिवलीस तर टाक्यापाशी कापड सरकतं. मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, लाव, पण आधी चिंधीवर इस्त्री फिरवून बघ, आणि सुई ११ नंबरची घे. अस्तर सुतीच.

आणि बाजारातून नवीन सुती कापड आणलंस की भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही! मी एकदा इथल्या राजवाड्याकडच्या बाजारातून बाघ प्रिंट (बाघ गावची ठशांची छपाई) म्हणून लाल कापड आणलं, घाईत तसंच शिवलं, आत पांढरं अस्तर. एका बाईंनी त्यात ओला रुमाल ठेवला आणि संध्याकाळपर्यंत अस्तर गुलाबी. पैसे परत दिले, वर चहा पाजला. तेव्हापासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, मीठ रंग धरतं असं आई म्हणायची, मला तसं काही वाटत नाही पण रंग सुटणारं कापड तिथेच कळतं आणि आटायचं ते आटून जातं, मीटरमागे एखाद-दोन इंच जातातच.

कापताना डोकं लाव. बटव्याला ८ बाय १० इंचाचे दोन तुकडे लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटरमध्ये १० इंचाची बाजू लांबीकडे ठेवलीस तर १५ तुकडे निघतात, म्हणजे सात बटवे आणि एक तुकडा उगाच, पण तीच बाजू पन्ह्याकडे ठेवलीस तर १६, आठ बटवे, शिवाय दोरीला पट्टी उरते. छोट्या बुट्ट्यांना हे चालतं, उभ्या वेलींना नाही, त्या आडव्या पडतील. नेफा, म्हणजे दोरी ओवायची दुमड, पाऊण इंचाचा, दोऱ्या दोन, समोरासमोरून ओवायच्या.

किमतीचं म्हणशील तर तू एका बटव्याचे सांगितलेले साठ रुपये वाचून मी कपाळावर हात मारला. समज कापड, अस्तर, दोरी, मणी मिळून पन्नासला गेलं आणि वर पाऊण तास बसलीस, तर तो पाऊण तास दहा रुपयांचा का गं? "घरीच तर शिवतेस" असं म्हणणाऱ्या बऱ्याच भेटतील, बहुतेक आपल्यातल्याच, त्यांना हसून चहा दे, पण पुढे वाढवलेला भाव खाली आणू नकोस.

ही चाळीसची ऑर्डर मात्र शब्द दिलास म्हणून साठ रुपयांनीच पूर्ण कर. आज एकच शिव, उलटा कर, फोटो पाठव.

तुझी मावशी
इंदूर