वाचक विचारतात : गुहागर–विजापूर मार्ग

प्रश्न : चिपळूणकडे जाताना जुन्या दगडांवर 'विजापूर' दिसते. हा रस्ता खरेच तिथवर जातो का?

उत्तर : हो, जातो. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, विटा, जत आणि मग विजापूर. आधीचा हा राज्यमार्ग आता राष्ट्रीय महामार्ग 166ई झाला आहे. वाट मात्र फार जुनी. दाभोळ बंदराचा माल चिपळूणमार्गे घाट चढून कराडला यायचा. कराडजवळच्या आगाशिव डोंगरातली बौद्ध लेणी पाहिली की हे गाव किती जुने, ते कळते.

मी पाटणचा, त्यामुळे हेळवाकबद्दल जरा जास्तच सांगणार! दक्षिणेला वाहणारी कोयना तिथे पूर्वेला वळते आणि कराडपर्यंत रस्ता तिच्याच खोऱ्यातून जातो. घाटाखाली पोफळीचे वीजघर, वर कोयनानगर. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने हाच पट्टा उद्ध्वस्त केला. आमच्या घरी अजून त्या पहाटेबद्दल बोलतात. पावसाळ्यात घाटात दरडी पडतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा आणि शक्यतो दिवसाच घाट उतरा.